हलका हाय म्हणणारा

अकोल्याच्या बाजारात एक म्हातारा दलाल होता; कापसाचा पुंजका चिमटीत ओढून माल पारखे. कोणाचाही असो, तोंड वाकडं करून म्हणे, "हलका हाय." माझ्या कापसाले त्यानं जन्मात कधी अव्वल म्हटलं नाही.

कापसाले भाव आला, तसे आमी चार म्हातारे नव्या आगगाडीनं मुंबईचा समुद्र पाहाले निघालो. चौथा तोच. घाटातले डोंगर पाहून म्हणे, "हलके हाय. आपला चिखलदरा पाहा." समुद्राचं पाणी चाखून थुंकला. "एवढा पसारा, अन् पेवाले घोटभर नाही!"

समुद्र खरा माझ्या बायकोले पाहाचा होता. आगगाडीची वाट न पाहताच मेली. तिनं घरच्या कापसाचं सूत कातून विणवलेलं लुगडं मी गाठोड्यात आणलं होतं. हे हसतीन म्हणून काढत नव्हतो. शेवटी पाण्यात बुडवलंच.

"काय धुवून राहिला बे म्हाताऱ्या?" तो ओरडला.

"बायकोले समुद्र दाखवून राहिलो."

बाकीचे दोघं फिदीफिदी हसले. तो जवळ आला. पदर चिमटीत धरून धागा डोळ्याजवळ नेला.

"सूत कोणाचं?"

"तिचंच."

"अव्वल," तो म्हणाला, अन् लुगडं पिळाले दुसरं टोक धरलं.