अण्णांच्या दाराची पाटी

मी आमच्या शेडमधले किस्से सांगायला बसलो की बायको म्हणते, "भात टाकलाय, शिजेपर्यंत आटपा." भात होतो, जेवणं होतात, खरकटं निघतं, किस्से काही संपत नाहीत! शेड म्हणजे तरी काय, भोरच्या बाजारामागं चार पत्रे. अण्णा लाकडी पाट्यांवर नावं खोदायचे, मी ती रंगवायचो. शेडच्या मागंच अण्णांचं घर, तिथून वहिनींचा चहा यायचा. एवढ्या तीन माणसांत इतके किस्से कसे झाले, देव जाणे!

*

सुरुवातीला रंग अक्षराबाहेर जाऊ नये म्हणून आम्ही पाटीवर गव्हाच्या खळीनं कागद चिकटवायचो. एकदा ती पाटी उन्हात वाळत ठेवली, आणि शेजारच्या शेळीनं खळीच्या वासानं कागद नावासकट फस्त केला! गिऱ्हाईक दारात हजर. अण्णा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या नावाला चव हाय. उद्या या."

*

पुढं बहात्तरच्या सुमारास पुण्याहून एसटीनं चिकट फिल्मचा रोल आला. निळा, पातळ. मागचा कागद सोलायचा, फिल्म पाटीवर दाबून बसवायची, अक्षर कापून उचलायचं, तेवढंच लाकूड खोदायचं आणि वरून बिनधास्त रंग मारायचा. मग फिल्म ओढून काढली की अक्षरांच्या कडा अशा सुरेख! उचललेली निळी अक्षरं मी शेडच्या भिंतीवर चिकटवायचो. वर्षभरात अर्धं भोर त्या भिंतीवर आलं.

वहिनी चहा घेऊन आल्या की भिंत वाचत उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "गावाला नावं लावता, आपल्या दाराला कवा?"

"लावू की फुडल्या महिन्यात माजं नाव."

"तुमचं न्हाई, माजं. लग्नापास्नं समदी अण्णाची बायकूच म्हनत्यात. माजं नाव लिवल्यालं म्या अजून कुठं बगितलं न्हाई."

अण्णा हसले. "बाईच्या एकलीच्या नावाची पाटी कोन लावतं गं?"

आमचा चहा अर्धाच झाला होता, तरी वहिनी कपबशा उचलून आत गेल्या.

*

अण्णांचा एक नियम होता. फिल्म ओढायचा मान गिऱ्हाइकाचा. "नाव त्याचं, पयल्यांदा त्यानंच बगावं!"

इंगळे मास्तर पाटी न्यायला आले ते फूटपट्टी घेऊनच. "तिन्ही अक्षरं एका उंचीची पाहिजेत, अण्णा. पोरं बघतात." सगळं मोजून झालं, फूटपट्टी काखेत मारून त्यांनी फिल्म ओढली. 'इंगळे' उघडं पडलं आणि हा छडीवाला माणूस घळाघळा रडला हो! "बापानं जन्मभर मोळ्या विकल्या. त्याला हे दाखवायला पाहिजे होतं."

तेव्हा चहा घेऊन आलेल्या वहिनींनीही डोळे पुसले. अण्णांनी ते पाहिलं, पण पाटीचा विषय काही काढला नाही.

*

वरवे गावच्या एका पाव्हण्यानं मात्र तो मान घेतलाच नाही! "घरी जाऊन काढतो" म्हणाला आणि पाटी नवी राहावी म्हणून फिल्मसकट दाराला ठोकली. उन्हाळाभर ती तापली, गोंद लाकडात मुरला. दारावर नुसती लालभडक फळी! सोयरे आले ते शेजारच्या घरात जेवून गेले. पाव्हणा तणतणत आला, "आता ही निघंल कवा?"

अण्णा म्हणाले, "नातवाच्या लग्नापर्यंत निघंल. नवी मातूर राहिली का न्हाई?"

*

नसरापूरकडच्या एका दूध केंद्राच्या चेअरमनचा हुकूम होता, "धावत्या एसटीतनं वाचता आलं पायजे!" मग काय, अक्षरं अशी मोठी झाली की एका फळीत 'दूध'च मावलं. चेअरमननी हौसेनं फिल्म ओढली आणि ओरडले, "आरं, केंद्र कुठं गेलं?"

"दुसऱ्या फळीवर," अण्णा म्हणाले. "एसटी धावती हाय न्हवं? तिथवर पोचंल की!"

*

त्यानंतरच्या पावसाळ्यात वहिनी भातलावणीला माहेरी, पासलीला गेल्या. सकाळी अण्णा स्वतःच चहा करायला स्वयंपाकघरात घुसले. साखर सापडेना म्हणून फडताळ उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला दोन निळी अक्षरं चिकटवलेली. एक बोटभर 'इं', मास्तरांच्या पाटीतला. शेजारी वीतभर 'दू', दुधातला, कात्रीनं कापून घेतलेला.

अण्णा शेडमध्ये आले, भिंतीवरच्या दोन मोकळ्या जागांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माजी बायकू लोकांच्या अक्षरांतनं आपलं नाव गोळा करती, आन् म्या हितं पाटीवाला म्हनून मिरवतो!"

सागाची चांगली फळी काढली. फडताळातल्या अक्षरांवर पातळ कागद धरून त्यांचा छाप घेतला आणि बारीकला बारीक, मोठ्याला मोठं, तसंच खोदलं. मी म्हटलं, "अण्णा, सारखी करा की!" म्हणाले, "तू रंग मार गप."

वहिनी परतल्या त्या संध्याकाळी अण्णांनी पाटी त्यांच्यासमोर धरली. "वढ. मान तुजा हाय."

वहिनींनी फिल्म ओढली. बराच वेळ नुसतं अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून रडता रडता हसायला लागल्या, अण्णाही हसायला लागले. मी आपला ब्रश धुवायला निघून गेलो.

पाटी दारावर लागली आणि दुसऱ्या दिवशी इंगळे मास्तर रस्त्यानं चालले होते. थबकले, चष्मा पुसला, परत बघितलं आणि कडाडले, "अण्णा! इतके नामांकित कारागीर तुम्ही, आणि हे काय? 'दू' केवढा, 'इं' केवढा!"

अण्णांनी तोंड उघडायच्या आत वहिनी उंबऱ्यात आल्या.

"तुमचाच हाय की वो, मास्तर! मोटा कुठनं करू?"