टोलमामांची चार मिनिटं

सरकारी शाळा म्हणजे सगळ्यांची. हिवाळी संमेलनात मात्र कुणाच्या सणाचं गाणं किती वेळ चालणार, यावरून दरवर्षी जुंपायची. शेवटी तोड काढली शिपायाने. प्रत्येक धर्माला एक गाणं, चार मिनिटं. मग पितळी तासावर टोल. एकतीस वर्षं तो टोल त्यांनीच दिला, म्हणून टोलमामा. त्यांचा एकच हट्ट होता: टाळ्यांचा वेळ धरायचा नाही. टाळ्यांत बुडालेलं गाणं पोरांच्या वाट्यातून का कापायचं?

यंदाचं पहिलं गाणं भलतंच टाळ्याखोर निघालं. चाललं सव्वापाच मिनिटं. दुसऱ्या गाण्याची मंडळी टाळ्या वाजवत नाहीत, मान खाली घालून ऐकतात. त्यांना बरोब्बर चार मिनिटांनी टोल! शेवटचं कडवं पोरांच्या घशातच राहिलं.

"त्यांना सव्वापाच अन् आम्हाला चार?" गॅरेजवाला बाप मोबाइल नाचवत उठला.

"टाळ्या वजा केल्या, बाबा," मामा म्हणाले.

"टाळ्या? थांब, घालतो तुझ्या टाळक्यात!"

"म्हाताऱ्यावर काय हात टाकतोस?" म्हणत पहिल्या गाण्याचा एक काका धावला आणि त्याने गॅरेजवाल्याच्या तोंडावर खुर्ची हाणली. दात सतरंजीवर पडला. मग सगळेच भिडले. कुणी बाकाची फळी उपटली, कुणी माइकचा दांडा. गॅरेजवाल्याने तासाची हातोडी हिसकावून मामांच्या मनगटावर घातली. हाड कडकन वाजलं. तोवर त्या काकाचा नेमही चुकला आणि फळी मामांच्याच कपाळावर बसली. दोन्ही बाजूंनी समसमान! अशी वाटणी मामांनाही कधी जमली नव्हती.

"बंद!" मुख्याध्यापिका किंचाळल्या. "पुढच्या वर्षीपासून कुणाचंच गाणं नाही!"

मनगटापेक्षा मामांना हे जास्त लागलं. डोळ्यांत उतरणारं रक्त पुसत ते म्हणाले, "बाई, चूक माझी. न वाजवणाऱ्यांचा विचारच केला नाही मी. त्यांचं सव्वा मिनिट देणं आहे. पोरांनो, म्हणा."

पोरांनी राहिलेलं कडवं धरलं. एकमेकांच्या कॉलरी पकडलेले बाप तसेच थिजले; आपल्याच पोरांसमोर मूठ कशी उगारणार? सव्वा मिनिट भरलं, तशी मामांनी हातोडी उचलली आणि डाव्या हाताने टोल दिला.

पुढल्या हिवाळ्यात सूचना लागली: 'प्रत्येकी एक गाणं, चार मिनिटं. टाळ्या वाजवू नयेत.' मारामारीबद्दल बाईंनी अवाक्षर लिहिलं नव्हतं. मामांनी वाचली, वाकडं मनगट चोळलं आणि खुर्च्या एकमेकींना सुतळीने घट्ट बांधायला घेतल्या.