जपानातल्या बाया आणि मोठी आई

मोठी आई आज सकाळी गेली.

एकदा मी तिचं गाणं बंद केलं होतं. आज ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याचं. सासर आमचं आंधळगाव. शाळेचं तोंड पाहिलं नाही, रेल्वेत कधी बसली नाही.

पण रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू झाला की पाणी भरलेल्या बांधीत राणी तीच!

चिखलात पंधरा बाया ओळीने वाकलेल्या, हातात धानाचे पऱ्हे, रोवत रोवत एकेक पाऊल मागे सरायचं. मोठी आई एक ओळ म्हणायची, बाकीच्या ती झेलायच्या.

"सांग गं सये माहेरी, पानी भरलं बांधीले..."

धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, जाणारा माणूस थांबून ऐकायचा. ही चाल तिच्या आईची. लग्न होऊन येताना तिने ती सोबत आणली होती. आमच्या गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भंडाऱ्याला कॉलेजात होते. घरातली कॉलेजात गेलेली पहिली पोरगी, म्हणजे डोक्यात किती हवा असेल ते तुम्हीच समजा.

नागपूरची माझी मैत्रीण सुनंदा शेत पाहायला येणार होती. आणि मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, वाटली.

आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "मोठी आई, उद्या गाणं नको म्हणू वं. शहरातली पोरगी येऊन राहिली. हसंल."

ती चूल सारवत होती. हात थांबला.

"बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बांधी चूप. गाणं नाही म्हणजे ताल नाही. चपळ बाया भराभर मागे सरल्या, म्हाताऱ्या राहून गेल्या, ओळी वाकड्यातिकड्या. बाया एकमेकींवर खेकसायला लागल्या.

आणि सुनंदा? धुऱ्यावर उभी राहून मला विचारते, "अगं, तुमच्याकडे रोवताना गाणी म्हणतात ना? मी तर तेच ऐकायला आले होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी मी म्हटलं, "मोठी आई, चुकलं माह्यं. उद्या म्हण."

"माह्या मायले चूप केलं तू, पोरी."

रागाने नाही, अगदी हळू म्हणाली. त्या साली ती पुन्हा गायली नाही.

हिवाळ्यात बाबांनी ट्रान्झिस्टर आणला. एका दुपारी ओसरीवर बसून मी शॉर्टवेव्ह लावत होते. इंग्लिश ऐकायचा शौक ना! मोठी आई शेजारी सुपात तांदूळ निवडत होती. खरखरीतून अचानक बायांचं गाणं आलं. भाषा कुठली, देव जाणे.

"थांब! फिरवू नको!"

"तुले काय समजते त्यातलं?"

"ह्या बाया रोवणा करून राहिल्या."

मी खो खो हसले.

"हासतं कायले? आयक. एक म्हनते, बाकीच्या झेलतेत. अन ओळ सरली का दम सोडतेत, पाह्य! चिखलातून पाय काहाडाचा दम हाय थो. मांगं सरून राहिल्या थ्या."

तिने सूप बाजूला ठेवलं. डोळे मिटले. आणि त्या आवाजाबरोबर आपली ओळ धरली. इतक्या महिन्यांनी!

चाल वेगळी, शब्द वेगळे. पण जिथे त्या बाया दम सोडत, नेमकी तिथेच ही सोडत होती. एकदासुद्धा चुकली नाही. माझ्या अंगावर काटा आला. हे लिहितानाही येतोय.

गाणं संपलं. निवेदक इंग्लिशमध्ये बोलला: जपानमधल्या शेतकरी बायका भाताची रोपं लावताना हे गाणं म्हणतात.

माझं सगळं इंग्लिश त्या एका वाक्यापुरतं कामी आलं. आणि ते वाक्य तिला आधीच माहीत होतं.

मी तिला सांगितलं. जपान कुठे, किती दूर, सगळं सांगितलं.

"तिथंही धान होते?"

"होते."

"बायांले माहेर रायते?"

"राहत असेल."

तिने बाजूच्या सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "त्याईच्या पोरी त्याईले चूप राहा नाही म्हनत का वं?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने केसांतून हात फिरवला, पण गाणार असं काही कबूल केलं नाही.

पुढच्या रोवण्याला मी साडी खोचून बांधीत उतरले. सगळ्या बायांसमोर म्हटलं, "मोठी आई, म्हण वं."

"तू म्हण. मी झेलतो."

झाली का पंचाईत! कशीबशी सुरू केली, "सांग गं सये माहेरी, पानी भरलं अंगणाले..."

"अवं, अंगनात कोन रोवते, पोरी? बांधीले म्हन, बांधीले!"

बाया हसून हसून चिखलात बसल्या. आणि मोठ्या आईने वरच्या पट्टीत ती ओळ उचलली. त्यानंतर कंबर धरेपर्यंत दरसाल ती गायली.

आता मोबाईलवर मी कुठकुठल्या देशांची गाणी ऐकते. भाषा कळत नाही. पण मनात पहिलं हेच येतं: ही माणसं काय काम करून राहिली असतील? ही चाल कुणाच्या मायची असेल? हे ऐकणं मला तिनं शिकवलं.

आज रोवणा अर्धवट टाकून बाया आल्या. पायांना चिखल तसाच. मोठ्या आईला अंगणात ठेवलं होतं. मी उशाशी बसले आणि पहिली ओळ म्हटली.

मुद्दाम चुकीची म्हटली. पानी भरलं अंगणाले.

आणि थांबले. बायाही थांबल्या. किती वेळ थांबलो कोण जाणे. ती काही बोलली नाही.

मग मीच म्हटलं, बांधीले. बायांनी ते झेललं.

जा, मोठी आई. तुझ्या मायजवळ जा.

तू म्हण. मी झेलतो.