तिसरी हाक

किसनराव गेल्याचं मला बाजारात कळलं. डोंगरावरून शेळ्या घेऊन आलेल्या एका धनगरानं सांगितलं आणि दोरी हातात धरून तो तसाच उभा राहिला. त्याला आता महिना होऊन गेला. किसन माझा लहानपणापासूनचा मित्र; त्याच्याबद्दल 'होता' असं लिहायला अजून हात धजत नाही.

आमच्या लहानपणी निजामाची अमदानी. अंबाजोगाईला सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. शाळेत उर्दू घोकायची आणि सुटी मिळाली की बालाघाटचं रान गाठायचं, हा आमचा उद्योग. आश्विनात सीताफळं, थंडीत पायथ्याला हुरडा, उन्हाळ्यात टेंभुर्णीची फळं आणि श्रावणात घळीतल्या कुंडात पोहणं. वाटेत एक जुनं लेणं आहे. तिथं दिवा लावल्याशिवाय किसन कुणाला पाण्यात उतरू देत नसे. रानाचा आणखी एक रिवाज होता... मागून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. चकवा ओळखीच्या आवाजात बोलावतो आणि माणसाला दरीत नेतो. पण त्याला दोनदाच हाक मारता येते. म्हणून तिसऱ्या हाकेची वाट पाहायची. हे आम्हाला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

त्या श्रावणात किसनचा धाकटा भाऊ भानूही बरोबर होता. मी बाकीच्या पोरांबरोबर पुढे कुंडावर पोचलो होतो; पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पुढचं सगळं किसननंच सांगितलेलं. धुकं उतरलं होतं आणि भानू लेण्यापाशी मागे राहिला होता. 'दादा' अशी हाक आली. किसन थांबला. पुन्हा आली. तो तिसरीसाठी कान देऊन उभा राहिला... ती आलीच नाही. चकवाच असणार, असं समजून तो खाली आला आणि आमच्याबरोबर मनसोक्त पोहला. संध्याकाळी भानू कड्याखाली सापडला. त्याच्या मुठीत झाडाच्या तुटलेल्या मुळ्या होत्या.

वाटलं, किसन आता रानाचं नाव काढणार नाही. उलट बाराही महिने तो तिथंच. लेण्यातली वटवाघळांची घाण काढायची, मूर्तींवरचं शेवाळ काथ्यानं घासायचं, नव्या पोरांना कुंडावर न्यायचं. आणि कुणीही कुणालाही हाक मारो, हा पहिल्याच हाकेला ओ द्यायचा. बाजारात, तहसिलीत, लग्नाच्या पंगतीत. टवाळ पोरं मुद्दाम हाका मारून खिदळायची. मला त्यांचा संताप यायचा आणि खरं सांगायचं तर किसनचाही. एकदा लेण्यात चिडून विचारलंच, "काहून रं, कुणालाबी ओ देतोस?"

तो मूर्ती घासत होता. हात थांबला नाही.

"दुसऱ्या अन् तिसऱ्या हाकेमधी लई जागा हाय," तो म्हणाला. "माजा भानू अजून तिथंच हाय."

मीही काथ्या उचलला आणि शेजारची मूर्ती घासायला लागलो.

परवा आम्ही जुने सोबती लेणं झाडायला गेलो. किसनशिवाय पहिल्यांदाच. काम आटोपून घळीकडे उतरत होतो. मागून, कड्याच्या बाजूनं हाक आली... "दादा." एखादा गुराखी भावाला बोलावत असेल, मला सांगता यायचं नाही. सगळ्यांचे पाय जागच्या जागी थांबले. आणि कुणी कुणाकडे न पाहता आम्ही सगळ्यांनी एकदम ओ दिली.

दुसरी हाक आली नाही.