सर्वानुमते, आप्पा वगळून

आप्पा कोणताही कागद खालून वर वाचत. आधी सहीची जागा, मग तिच्यावरची ओळ, मग तिच्यावरची, असे करत त्यांचे बोट हळूहळू मथळ्यापर्यंत चढत असे. बँकेचा अर्ज असो, लग्नाची पत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, पद्धत एकच. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले. त्यांनी चष्म्यावरून पाहत कारण सांगितले : "वर सगळं गोड लिखेल ऱ्हास, माय. जे लपाडेल शे, ते खाले ऱ्हास."

आप्पा मैदानातल्या, म्हणजे डोंगराखालच्या सपाट मुलखातल्या, एका महाविद्यालयात आयुष्यभर प्रयोगशाळा सहायक होते. नोकरी करता करता त्यांनी बी.ए. केले होते, त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण पदवीचे प्रमाणपत्र घरात दाराच्या अगदी समोर टांगलेले असे. निवृत्त झाल्यावर सातपुड्यातल्या आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांना बोलावले. आमच्याकडे रसायनशास्त्राची शाखा होती, खोली होती, आणि खोलीत न फोडलेल्या खोक्यांत काचसामग्री होती. ती लावून द्यायला माणूस नव्हता. आप्पा आठवड्यातून दोनदा एसटीने घाट चढून येऊ लागले. मांडीवर पिशवी आणि पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या ब्युरेट, मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या लांब नळ्या. कंडक्टर त्यांना पुढची सीट राखून ठेवत असे, कारण एकदा मागच्या सीटवर दोन पिपेट फुटल्या होत्या आणि आप्पा पुढचा सगळा रस्ता रुमालात काचा वेचत बसले होते.

आम्हा मुलींची घरची भाषा पावरी, आप्पांची अहिराणी, आणि परीक्षेची मराठी. तीन भाषांमध्ये त्यांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली. पहिल्याच महिन्यात मी अनुमापनाचे तीन आकडे तंतोतंत सारखे लिहिले होते. पुस्तकातले उत्तर मला पाठ होते. आप्पांनी वही उचलली. "तीनही आकडा सारखा? देवनी तुले खास ब्युरेट दिधी का, माय?" सगळा वर्ग हसला. मी चिडले. मग ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "जे दिखनं ते लिख. जे दिखाले पाहिजे व्हतं, ते पुस्तकमा छापेल शे." मी प्रयोग पुन्हा केला. आकडे वेगवेगळे आले. विज्ञानाची माझी सुरुवात त्या दिवशी झाली असे मी मानते.

असा माणूस विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर गेला, तो बंगल्याच्या हिशेबातल्या एका चुकीमुळे. बंगला म्हणजे आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचे घर. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मैदानात त्यांच्या संस्थेची महाविद्यालये होती. विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात आणि त्यांतले काही पुढे व्यवस्थापन परिषदेवर जातात. निर्णय तिथे होतात. प्रत्यक्षात ही सगळी नावे बंगल्यावर ठरत. आप्पांच्या हाताखालून मैदानातल्या विज्ञान पदवीधरांच्या कित्येक तुकड्या गेलेल्या. म्हणजे मते नक्की. शिवाय तीस वर्षांत कोणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. म्हणजे त्रास नाही. पहिला निष्कर्ष बरोबर होता. दुसरा ज्यांनी काढला त्यांनी आप्पांना ब्युरेट वाचताना पाहिले नव्हते. ब्युरेट वाचताना माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. त्या शांततेला होकार समजायचे नसते.

भाऊसाहेबांचा सहायक निरोप घेऊन आला तेव्हाचा संवाद आप्पा आम्हाला दोघांचे आवाज काढून ऐकवत.

"आप्पा, पॅनलमा तुम्हनं नाव टाकेल शे."

"मले काय करनं पडी?"

"काहीच नही. आम्ही सांगसूत तव्हय हात वर करना."

"अन् खाले कव्हय लेना?"

सहायकाला तो विनोद वाटला. त्याने तो बंगल्यावर सांगितला आणि तिथेही सगळे हसले म्हणे.

पहिल्या दोन-तीन सभांनंतर आप्पा थोडे गोंधळलेले दिसले. खरी बैठक आदल्या दिवशी विश्रामगृहावर होत असे. विद्यापीठाच्या सभागृहात फक्त तिची उजळणी होई. "चहा थंडा व्हवाना आधी सभा सरी जास," ते सांगत. कुलगुरू सभ्य आणि विद्वान होते, आणि त्यांना आणखी एका मोठ्या पदाची आशा होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस काय करतो याचे उत्तर काढायला प्रयोगशाळा लागत नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना तो विषय आला. सभेच्या विषयपत्रिकेत सर्वांत शेवटी 'ऐनवेळचे विषय' असे लिहिलेले असते. जे कोणी आधी वाचू नये असे वाटते, ते तिथे ठेवण्याची रीत आहे. त्या दिवशी सभागृहात ऐनवेळच्या विषयांचा कागद वाटला गेला. बाकीच्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आप्पांनी शेवटच्या ओळीपासून. तिथे लिहिले होते की पुरेशा सुविधा नसल्यामुळे आमच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक परीक्षा केंद्र बंद करून ते मैदानात, भाऊसाहेबांच्या संस्थेत, हलवावे.

आप्पा उभे राहिले. "ती लॅब मी लावेल शे. कोनती सुविधा नही शे, तेवढं सांगा." कोणी सांगितले नाही. कुलगुरू म्हणाले, "आपल्या भावनांची नोंद घेतली आहे." मग हात वर झाले आणि सभा संपली.

आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता. प्रात्यक्षिके होळीच्या आठवड्यात लागत. त्या दिवसांत गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबे सणासाठी पाड्यावर परततात आणि तिथून हलत नाहीत, आणि ज्यांनी काठी गावच्या होळीचे व्रत धरलेले असते ते पाळणीत, म्हणजे कडक नियमांत असतात. माझा भाऊही धरत असे : जमिनीवर झोपायचे, बाजेला शिवायचे नाही. म्हणजे आम्हाला मैदानात घेऊन जाणारे, तिथे चार दिवस आमच्याबरोबर राहणारे घरात कोणी मोकळे नव्हते. बाबा आमच्या भाषेत म्हणाले, "परीक्षा दे. नको कोण म्हणतो? पण राहशील कुठे?" आम्ही सात मुली होतो. सातही घरांत तोच प्रश्न होता, आणि परीक्षा चुकली तर पदवी चुकणार होती.

महिन्याभराने सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा आप्पांच्या हाती आला. ते तो घेऊन थेट आमच्या प्रयोगशाळेत आले. टेबलावर ठेवून त्यांनी एका शब्दावर बोट टेकवले : 'सर्वानुमते मंजूर.' आप्पांना मी रागावलेले पाहिले ते त्याच दिवशी. "सर्वानुमते! मंग मी तठे व्हतू का नही व्हतू?" हरल्याचे त्यांना वाईट वाटले नव्हते. जे घडले नाही ते लिहिले गेले, हे त्यांना सोसवत नव्हते.

मग त्यांनी आम्हाला काम लावले. घरातून किती वाजता निघावे लागेल, एसटी कुठे मिळेल, मैदानातल्या केंद्रावर पोहोचायला किती वाजतील? मी लगेच कागदावर आकडेमोड करून दिली. त्यांनी तो कागद परत केला. "हाऊ अंदाज शे. जाईसन ये." म्हणून आम्ही सातही जणी एका सकाळी आपापल्या पाड्यावरून निघालो, पायवाट तुडवली, पहिली एसटी पकडली आणि त्या केंद्राच्या फाटकावर जाऊन घड्याळ पाहिले. परीक्षेची वेळ उलटून जवळजवळ दोन तास झाले होते. फाटकावरच्या शिपायाने विचारले, "काय काम शे, ताई?" आमच्यातली शेवंती म्हणाली, "काही नाही. वेळ बघायला आलो." त्यानेही आपले घड्याळ पाहिले.

परतल्यावर प्रत्येकीने स्वतःची वेळ स्वतः लिहिली आणि खाली सही केली. शेवंती आमच्यात सर्वांत स्पष्टवक्ती. ती म्हणाली, "आप्पा, याने काय होणार? ते सगळे एकीकडे, तुम्ही एकटे."

"सगळा जन 'हो' म्हनतस, ते झटकामा व्हई जास," आप्पा म्हणाले. "पन कोनी 'नही' लिखीसन दिधं, तर त्याले उत्तर लिखनं पडस. अन् लिखाले बठनात की कारन सोधनं पडी."

पुढच्या सभेतला पहिला विषय नेहमीचा होता : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. हा विषय कपबशांच्या आवाजात निघून जातो. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले की इतिवृत्तात चूक आहे, 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहावे, आणि सोबतचे भिन्नमत जोडावे. त्यांच्या हातात दोन कागद होते. एक त्यांचा, एक आमच्या सह्यांचा.

शेजारच्या सदस्याने बाही ओढली. "आप्पा, खाली बसा. तुम्हाला इथे कोणी आणलं ते विसरलात का?"

"नही इसरनू," आप्पा म्हणाले. "पदवीधरस्नी आनं. म्हनीसन त उभा शे."

कुलगुरूंनी कुलसचिवांकडे पाहिले. कुलसचिव नियमांवर जगणारे गृहस्थ होते. त्यांनी पुस्तक उघडले, पान काढले आणि कोरड्या आवाजात सांगितले की सदस्याने मागणी केली तर भिन्नमत नोंदवावेच लागते. शब्द खोडला गेला आणि कागद जोडले गेले. ठराव मात्र जसाच्या तसा राहिला. बहुमत बंगल्याचेच होते.

पण आप्पांचा अंदाज खरा ठरला. अर्थात ते त्याला अंदाज म्हणाले नसते. ठराव अमलात आणायचा तर परीक्षा विभागाला त्या भिन्नमतावर खुलासा लिहावा लागणार होता, आणि खुलाशात लिहिण्याजोगी एकही नसलेली सुविधा कोणाला आठवेना. शेवटी पाहणीसाठी समिती आली. तिघांपैकी एक बंगल्याचा माणूस होता. आप्पांनी फक्त कपाटे उघडून ठेवली. बंगल्याच्या माणसाने एक ब्युरेट उजेडात धरली, फिरवली, जागेवर ठेवली आणि इतर दोघांच्या खाली सही केली. अहवालात 'सुविधा पुरेशा' असे होते. केंद्र त्या वर्षापुरते राहिले, आणि पुढे तो विषय कोणी काढला नाही.

काठीची होळी पेटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे प्रात्यक्षिक होते. भावाने मला मोटारसायकलवरून सोडले. अंगावर रंगाचे पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू. मैदानातून आलेले बहिःस्थ परीक्षक व्हरांड्यात उभे होते. ते दचकून मागे सरकले. आप्पा त्यांना म्हणाले, "घाबरू नका, सर. पालक शेतस." आम्ही सातही जणी उत्तीर्ण झालो.

याची किंमत आप्पांनी दिली. पुढच्या पॅनलमध्ये त्यांचे नाव नव्हते. शेवटच्या सभेत शाल आणि श्रीफळ मिळाले; बाजारात काही ओळखीची माणसे रस्ता ओलांडून जाऊ लागली. आप्पा पदवीधर मतदार नोंदणीचे अर्ज घेऊन डोंगरात फिरू लागले. आमच्याकडे हे अर्ज बंगल्यावर गठ्ठ्याने भरले जात, आणि शेकडो पदवीधरांच्या नावापुढे एकाच कारकुनाचा मोबाइल क्रमांक असे, म्हणजे मतदारापर्यंत पोहोचायचे तर बंगल्यावरूनच. आप्पा प्रत्येकीकडून तिचा स्वतःचा क्रमांक मागत. कोणाकडे मोबाइल नसेल तर म्हणत, "मंग पत्ता लिख, मी परत येसू." आणि परत येत.

गेल्या वर्षी सुरतेला मुलाकडे असताना आप्पा गेले. मला तिसऱ्या दिवशी कळले.

मी आता एम.एस्सी. होऊन शहाद्याजवळ माती परीक्षणाच्या एका प्रयोगशाळेत काम करते. पीएच.डी. करायची आहे, पण त्याआधी मी अधिसभेची ही निवडणूक लढवते आहे. बंगल्यावरून निरोप आला होता, "मॅडम, पॅनलमध्ये या." मी नम्रपणे नाही म्हटले, आणि तेही लेखी. माझा मुद्दा एकच आहे : डोंगरातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची एम.एस्सी. सुरू व्हावी. हरले तर सभागृहाबाहेरून मागेन.

मतदारांची कच्ची यादी लागली तेव्हा मी ती पूर्ण तपासली. आप्पांचे नाव तिच्यात अजून होते. गेलेल्या माणसाचे नाव यादीत राहिले की मतदानाच्या दिवशी ते कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मी हरकतीचा अर्ज मागून घेतला, 'मतदार मयत' असे कारण लिहिले, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली आणि पोच घेतली. यादीतले एक मत कमी झाले. आप्पा असते तर ते मला मिळाले असते.

त्यानंतर मी डोंगरातल्या मतदान केंद्राची पाने काढली. शेवंती होती. बाकीच्या पाचजणी होत्या. मी होते. आमच्या नंतरच्या तुकड्यांतल्या, ज्यांची नावे मला ओळखीची नव्हती अशा मुली होत्या, आणि प्रत्येकीपुढे वेगळा क्रमांक होता. मी मोबाइल काढला आणि वरून पहिला क्रमांक लावला.