भोपळ्यातलं पत्र

२०२५ साल, मला चौऱ्याहत्तरावं. वैशाखात सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर वहिनी गेली, थोरल्या भावाची बायको. पाण्याची कळशी घेऊन आली, ओटीवर टेकली, आणि...

पाड्यात शाळेत गेलेला मी एकटा, तोही दुसरीपर्यंत. कामाला बाहेर गेलेले तिथं कुणाकडून तरी लिहून घ्यायचे, ती पत्रं माझ्याकडंच यायची. छापील अक्षर लावून लावून वाचायचो, हातानं लिहिलेलं काही उमगायचं नाही. पण कबूल कोण करणार? टोपी नीट करायची, कागद लांब धरायचा आणि म्हणायचं, "खुशाल आहे. होळीला येतो." सगळ्यांची पत्रं मी अशीच वाचली. होळीला माणसं येतच, म्हणून कधी सापडलो नाही. भिवंडीहून दादाचं पत्र आलं, तेही तसंच वाचलं. होळीला दादा आला नाही, गेल्याचा निरोप आला. वहिनीनं तो कागद सुक्या दुधी भोपळ्यात ठेवला, काकडीच्या बियांबरोबर राखेत, कीड लागू नये म्हणून.

साठीत वहिनी अंगणवाडीत दुपारी भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गाला बसायला लागली. मी म्हणायचो, "आता कलेक्टर होणार काय?"

"होईन की. तुम्हाला शिपाई घेते, भावजी."

एक दिवस भोपळा घेऊन माझ्या ओटीवर आली. कागद उलगडला, अक्षराखाली बोट धरून सावकाश वाचलं... "माझं काही झालं तरी पोरीला शाळेत घाल."

पोर तर शेळ्यांमागं वाढली होती. वाटलं, आता शिव्या. पण वहिनी कागदाकडंच बघत होती. "भावजी, तीस वर्षं झाली जाऊन... आणि आज बोलला." तिचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एवढासा कागद. दादाची राख कधीच वाहून गेली, आणि त्याचा शब्द चुलीच्या राखेत जसाच्या तसा.

उठताना म्हणाली, "पोरीला तुम्ही सांगायचं. वाचलं होतं तुम्ही." पुढं हाताचं अक्षर मी वहिनीकडूनच शिकलो, दार लोटून. पोरीला मात्र सांगितलं नाही. पंधरा वर्षं. म्हातारपणी मान कशाला खाली घालायची?

बाराव्याला पुतणी म्हणाली, "काका, आईचा बियांचा भोपळा मी नेऊ?"

कागद अजून त्यातच होता. मी नाही म्हणालो. ती साखरशेतला सासरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळा मांडीवर घेऊन पहिल्या जीपमध्ये बसलो. तिच्या ओटीवर तिला समोर बसवलं, कागदावरची राख झटकली आणि अक्षराखाली बोट धरून पत्र वाचलं. या वेळी जे लिहिलं होतं तेच.