बोटीवर किती वाजता पोचायचं

माझ्या संसारात वेळ ठरवायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं. स्वयंपाकाची वेळ ह्यांच्या कंपनीच्या शिफ्टनं ठरवली. गावी कधी जायचं ते सासऱ्यांनी ठरवलं आणि सासरे गेल्यावर लग्नकार्यापासून कुलर माळ्यावरून खाली काढण्यापर्यंत सगळं थोरल्या दिरांनी. माझ्याकडे काम होतं ते वेळ पाळायचं, आणि ते मी चोख केलं. त्यामुळे मुलीनं फोनवर "आई, बोटीवर किती वाजता पोचायचं?" असं विचारलं, तेव्हा मी गप्पच राहिले. मला वाटलं, ती बाबांना विचारतेय.

बोट मुंबईहून निघणार होती. तीन रात्री समुद्रावर राहायचं आणि परत यायचं. मुलगी पुण्याला नोकरी करते. मी बालवाडीतून निवृत्त झाले, म्हणून तिनं आम्हा दोघांचं हे बुकिंग केलं होतं. बालवाडीत मी दर वर्षी 'ज जहाजाचा' शिकवायचे. फळ्यावर निळ्या खडूनं लाटा, त्यावर जहाज आणि जहाजाच्या धुराड्यातून गोल गोल धूर. सगळी पोरं धूर काढायला माझ्यापाशी खडू मागायची. त्यातल्या एकानं एकदा विचारलं होतं, "बाई, तुम्ही बसला का जहाजात?" मी म्हटलं होतं, बसेन की. मुलीला ही गोष्ट माहीत होती. बोट तिनं ह्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी काढली होती.

तर वेळ निवडायची होती. दुपारी बारापासून चारपर्यंत दर अर्ध्या तासाची एकेक वेळ होती. ज्यानं जी निवडली त्यानं त्या वेळेला बंदरावर हजर व्हायचं. चारला गेट बंद. बोट सुटणार मात्र सहाला. लोक म्हणे उशिराची वेळ निवडतात, गर्दी कमी असते. मी बाराची निवडली. मला चढल्या चढल्या खोलीत जाऊन लोळायचं नव्हतं. मला वरच्या डेकवर कठड्याला धरून उभं राहायचं होतं आणि जमीन सुटताना बघायची होती. दोर कसे सोडतात, पाणी मधे कसं येतं, सगळं. पूर्ण दुपार मला त्या बोटीवर हवी होती.

हे एकदम हो म्हणाले. वेळेच्या बाबतीत आमचं कधी वाजलं नाही. अंबडच्या एका कारखान्यात हे सुपरवायझर होते, आणि भोंगा व्हायच्या आत गेटवर हजर राहण्यात त्यांनी उभी नोकरी काढली. गेट लागल्यावर आलेल्या माणसाला हेच घरी पाठवायचे. सिन्नरहून येणारा एकजण एसटी बंद पडल्यामुळे उशिरा आला होता, त्यालाही पाठवला. "गेट म्हणजे गेट," असं आम्हाला जेवताना अभिमानानं सांगितलं होतं. अशा माणसाबरोबर जायचं म्हटल्यावर मला कशाची काळजी असणार?

थोरले दीर आमच्या मागच्या गल्लीत राहतात. गावाकडची जमीन मुलांच्या हवाली करून ते सिडकोत आले, पण कारभार सोबत घेऊन आले. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात. मला ते थेट काही बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. मी समोर उभी असले तरी "हिला सांग" म्हणून ह्यांना सांगतात आणि मी ते ऐकते. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

त्या संध्याकाळी ह्यांनी हौसेनं बोटीचं सांगितलं. दिरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "बुक करताना कुणी इचारलं नाय आम्हाला."

"पोरीनंच परस्पर केलं, दादा," हे म्हणाले.

"असू दे. मोठी झालीत आता समदी." मग ते उठले, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. "बुधवारी आवस हाय. दुपारी सव्वाबाराला सुटती. हिला सांग, आवस सुटल्याबिगर उंबरा वलांडायचा नाय."

मला तेव्हाच कळलं की हे अमावास्येचं दुखणं नाही. विचारलं नाही, हे दुखणं आहे. पण ते कॅलेंडर बघून बोलले होते आणि कॅलेंडरशी भांडता येत नाही. म्हणून मी त्यांच्याच शास्त्रातून वाट काढली. आतून ह्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आधी प्रस्थान ठेवू या की."

आमच्याकडे निघायचा दिवस वाईट आला, तर आधीचा चांगला दिवस बघून प्रस्थान ठेवतात. सोबत न्यायची एखादी वस्तू घ्यायची, सुपारी-हळकुंड-अक्षता घालून फडक्यात बांधायची आणि शेजारी नाहीतर भावकीत नेऊन ठेवायची. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग निघायच्या दिवशी काही का असेना, ती वस्तू उचलायची आणि चालू लागायचं. ज्या कुणा बाईनं ही युक्ती काढली असेल तिला माझा नमस्कार. तिलाही कुठेतरी वेळेवर पोचायचं असणार.

दिरांना नाही म्हणता आलं नाही. "ठेवा की. आमच्याकडंच आनून ठेवा," म्हणाले. मी समुद्रावरच्या वाऱ्यासाठी घेतलेली नवी शाल बांधून दिली आणि सोमवारी हे ती घेऊन गेले. मी मनातल्या मनात बोटीवर चढलेसुद्धा.

बुधवारी सकाळी सातला गाडी दारात आली. बॅगा डिकीत गेल्या. मी ह्यांना विचारलं, "कागदांचं पाकीट कुठाय?" त्या रेक्झिनच्या पाकिटात आमची दोघांची आधार कार्डं आणि बोटीचे पास होते. कार्डं मूळचीच लागतील, मोबाइलवरचे फोटो चालणार नाहीत, असं मुलीनं दहादा बजावलं होतं.

हे चपला घालत म्हणाले, "दादांकडं आहे. प्रस्थानात."

"प्रस्थानात तर शाल दिली होती."

"दादा म्हणाले, शाल काय, शाल विसरली तरी माणूस जातो. ज्याच्यावाचून निघता येत नाही ते ठेवावं."

तेव्हाही मला शंका आली नाही. मला वाटलं, जाता जाता उचलू. मागच्याच गल्लीत तर घर.

दीर पेपर वाचत बसले होते. गाठोडं देवघरात, देवांच्या चौरंगाखाली दिसत होतं. जाऊबाईंनी आम्हाला बघून आधणात पाणी वाढवलं. हे म्हणाले, "दादा, निघतो. प्रस्थान उचलू ना?"

"बस. सव्वाबारापतोर आवस हाय."

मी म्हटलं, "पण प्रस्थान ठेवलंय ना! मग दोष कसला?"

त्यांनी पेपरवरून मान वर केली नाही. "हिला सांग, जिमिनीवरच्या वाटंला प्रस्थान चालतं. पान्यावरच्या नाय. आवसंला समुद्राला उधान असतं. गुरुजींनाबी इचारलं म्या."

"चारला गेट बंद होतं," मी ह्यांना म्हटलं, मोठ्यानं.

"बोट सहाला सुटती ना?" दीर ह्यांना म्हणाले. "मुंबई चार तास. साडेबाराला निघा, साडेचारला पोचता. दीड तास हाताशी राहतो. आरं, यष्टीबी पळता मानूस दिसला की थांबती. एवढी मोठी बोट, दोन मानसं घ्यायला तिला काय जड हाय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. गेट म्हणजे काय, हे त्या घरात ह्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. हे कपातल्या चहावर फुंकर घालत राहिले, जणू तो चहा निवला की सगळं मार्गी लागणार होतं.

मग मी उठले, देवघराच्या दारात गेले आणि गाठोड्यासाठी वाकले. फडक्याला माझा हात लागला. मला दिरांनी अडवलं नाही. ते कसे अडवतील, ते तर माझ्याशी बोलतच नाहीत. मागून आवाज आला तो ह्यांचा.

"राहू दे. दादा सांगतात तर ऐकू."

आजही तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू येतो. चिडलेला नव्हता, उलट समजुतीचा होता. बालवाडीत हट्टी पोराला मी ज्या आवाजात खडू खाली ठेवायला सांगायचे, तोच. मी हात काढला. भरल्या घरात, देवासमोर, ओढाओढ करायची नाही, हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की हात आपोआपच मागे आला. त्या हाताचा मला राग येतो, पण ह्यांच्या आवाजाचा त्याहून जास्त येतो.

सव्वाबारा वाजेपर्यंत आम्ही तिथे बसलो. जाऊबाईंनी पोहे केले. मुलीचे फोन येत होते. पहिल्या फोनला तिचा विश्वासच बसला नाही, दुसऱ्याला ती रडली आणि नंतर नुसतं "बाबांना दे" म्हणाली. ह्यांनी फोन घेतला नाही. सव्वाबाराला दिरांनी घड्याळ बघितलं, स्वतःच्या हातानं गाठोडं काढलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "सुखरूप जा," म्हणाले.

इगतपुरी मागे पडली. कसाऱ्याचा घाट उतरलो तेव्हा अजून आशा होती. भिवंडीपाशी गाड्यांची रांग लागली आणि तिथे ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पुढच्या ट्रकच्या मागे लटकलेली लिंबूमिरची मी किती वेळ बघत होते, सांगता येत नाही. चार तिथेच वाजले.

बंदराच्या गेटवर पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. रांगेचे दोर गुंडाळून ठेवले होते. निळ्या कोटातली एक मुलगी पाण्याच्या बाटल्यांची उरलेली खोकी मोजत होती. तिनं आमचे पास बघितले आणि म्हणाली, "काका, तुमची तर बाराची वेळ होती!"

"थोडा उशीर झाला," हे म्हणाले. "बोट तर उभी आहे ना अजून? घ्या ना, मॅडम. बायकोची फार इच्छा आहे."

"चारला गेट बंद झालं, काका. प्रवाशांची यादी पुढे गेली. आता मला सुद्धा आत सोडणार नाहीत."

हे हात जोडायला लागले. भोंग्यानंतर आलेल्यांनी ह्यांच्यापुढे असेच जोडले असतील. मी म्हटलं, "अहो, चला. गेट म्हणजे गेट."

शेडच्या मागे बोटीचा वरचा भाग दिसत होता. पांढरीशुभ्र, आमच्या सोसायटीपेक्षा उंच. कठड्याला माणसं उभी होती, बारकी बारकी, हात हलवत होती. धुराड्यातून धूर येत नव्हता. इतकी वर्षं मी पोरांना धूर काढायला शिकवला. बघता बघता माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. ह्यांनी बघावं असं मला वाटत होतं. पण ह्यांचा फोन वाजला.

"पोचला का?" दिरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"नाही, दादा. चुकली बोट."

मग दीर म्हणाले, "बघ. आवसंनं गुन दाखिवला का नाय? बरं झालं चुकली. कायतरी मोठं टळलं म्हन."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असती, तरी मी समजू शकले असते. इथे फांदी ह्यांनी स्वतः कापली होती. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. आता तरी बोलतील.

"हो, दादा," हे म्हणाले.

बोट काही बुडली नाही. शनिवारी ठरल्या वेळी परत आली, माणसं फोटो काढत उतरली असतील. पण सगळ्या भावकीत आता अशी गोष्ट आहे की दिरांनी आम्हा दोघांना मोठ्या संकटातून वाचवलं. लग्नाकार्यात ती सांगतात आणि हे शेजारी बसून मान हलवतात. बायका माझ्याकडे वळून म्हणतात, "नशीब बाई तुमचं, असे दीर मिळाले." दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझ्या लेकीनं दिलं होतं. नेलं कुणी ते मला ठाऊक आहे, आणि नेणाऱ्याला मी रोज दोन वेळा वाढते.

दीर रोज चहाला येतात. मी चहा करते. त्यांच्या बशीत साखर कमी पडत नाही.

फक्त त्या रेक्झिनच्या पाकिटातून माझं आधार कार्ड मी काढून घेतलं. ते माझ्या पर्समध्ये असतं आणि पर्स माझ्या उशाशी. परवा ह्यांनी ते मागितलं. म्हणाले, "दे इकडे. दोघांची एकत्र ठेवतो, निघताना सापडायला बरं."

मी दिलं नाही. म्हटलं, "मी निघेन तेव्हा मला सापडलं पाहिजे."

कुठे निघायचंय, हेही त्यांनी विचारलं नाही. कॅलेंडरकडे बघितलं आणि टीव्ही लावला.